मामांची दक्षिण मोहीम

दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर उपासमारीनं गेलेल्या माणसांबद्दल, स्वतः भरपेट जेवून, इतकं पोटतिडकीनं बोलणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज उभ्या मिनेसोटात दुसरा नसेल. आमच्या ईडन प्रेरी गावात आम्ही सगळे थंडीला शिव्या घालत फ्लोरिडाची तिकिटं शोधतो. मामा मात्र जानेवारीत खुलतात. नातवाची प्लास्टिकची घसरगाडी दोरीनं कमरेला बांधायची, तीत किराणा भरायचा आणि गराजपासून मागच्या दारापर्यंत बर्फातून ओढत न्यायचा. नातू खिडकीतून ओरडतो, "आजोबा, गराजमधूनच डोअर आहे!" त्यावर मामा, "अरे, लोकांनी तिथे कुत्री मारून खाल्ली, आणि तुला दार सुचतंय!" त्या बिचाऱ्यांना सुकं मांस आणि चरबीऐवजी कुणी डिंकाचे लाडू बांधून दिले असते, तर सगळे धडधाकट घरी परतले असते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. तो पटवून देता देता मामींचा डबा रिकामा होतो.

रिटायर झाल्यावर मामांनी अंटार्क्टिकाच्या बोटीचं बुकिंग केलं आणि सोबतीला मलाही ओढलं. "एकदा त्या बर्फावर पाय टेकला, की मी मोकळा," एवढंच त्यांचं मागणं. "यमाची दिशा ती," मामी कुरकुरल्या, "पण एकटे गेले तर हे स्वेटरसुद्धा घालायचे नाहीत," म्हणत त्याही निघाल्या. अर्जेंटिनाच्या टोकाला बोटीत चढलो आणि समुद्रानं आम्हाला अक्षरशः घुसळून काढलं. मामी गोळ्या घेऊन केबिनमध्ये आडव्या. त्यात हवा बिघडलेली. किनाऱ्यावर उतरायला एकच संधी मिळणार होती. रबरी होडी निघायची वेळ झाली तसे मामा जाडजूड बूट चढवून मामींचा निरोप घ्यायला गेले. आता आपल्यात 'जातो' म्हणायची सोय नाही. दारातूनच म्हणाले, "येतो गं!"

गुंगीतल्या मामींना वाटलं, हे आत येतायत. पाय आखडून घेत त्या म्हणाल्या, "या ना. बसा जवळ. मला फार भीती वाटतेय हो."

मामा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "जावईबापू, तुम्ही व्हा पुढे."

मी परतलो तेव्हा ते मामींचा हात धरून बसले होते. हळूच म्हणाले, "कसं लागतं हो पायाखाली?"

"भुसभुशीत. जाड्या रव्यासारखं."

"आवाज? वास?"

"वासाचं विचारूच नका, मामा! पेंग्विनांनी नुसती घाण करून ठेवलीय."

तेवढ्यात मामींनी डोळे उघडले. "जाऊन आलात?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "आलो की! पेंग्विन फार घाण करतात गं." मामी हसल्या आणि निवांत झोपल्या.

हल्ली पाहुणे आले की मामी कौतुकानं त्यांना तो वास सांगायला लावतात. मामा नाकाला रुमाल लावून साग्रसंगीत सांगतात, सगळे पोट धरून हसतात. मला मात्र दर वेळी गलबलून येतं.