न दाबलेलं बटण

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वासुदेवरावांनी बटण दाबलं नव्हतं, तरी मशीनने एका बाईवर गोळी झाडली होती. गोळी स्क्रीनवरची, बाईही चित्रातली. रक्त कुठेच नाही. पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

नागपूरजवळ बुटीबोरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ईईजीच्या टोप्या बनतात. टोपी डोक्यावर चढवली की आतल्या टिकलीएवढ्या चकत्या मेंदूतले बारीक विद्युत-संकेत टिपतात. हॉस्पिटलं त्या फिट्सच्या तपासणीसाठी घेतात. सिग्नल साफ करणं हे माझं काम. पापणी मिटली, दात आवळले की रेघ वेडीवाकडी होते. त्या गडबडीला आर्टिफॅक्ट म्हणतात. ती शोधायची आणि काढून टाकायची.

मग लष्करासाठी काम करणारा एक क्लायंट आला. काही महत्त्वाचं दिसलं की मेंदूत एक लाट उठते, हात हलायच्या आधीच. ती पकडून थेट शस्त्राला जोडायची, बोटाची वाट पाहायचीच नाही, असं त्यांना हवं होतं. जवानाचा जीव वाचेल, म्हणाले. मलाही पटलं.

टेस्टसाठी माजी सैनिक पाहिजे होते. शेजारच्या सूत गिरणीच्या गेटवर वासुदेवराव सिक्युरिटी गार्ड होते, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. डोक्याला तेल असलं की चकत्या नीट टेकत नाहीत, म्हणून त्यांना केस धुऊन बोलावलं होतं.

"बायको हासून राहिली होती," टोपी चढवताना ते म्हणाले. "म्हणे, ह्या वयात कोनाले दाखवाले चालले?"

स्क्रीनवर झुडपं, घरं, माणसं भराभर येत. शत्रू दिसला की त्यांनी बटण दाबायचं. मशीन त्यांच्या लाटेवरून आपला निर्णय वेगळा घेई, तो फक्त माझ्या स्क्रीनवर दिसे. झुडपातून मोळी घेतलेली बाई आली. वासुदेवरावांचं बोट हललं नाही. माझ्याकडे लाल चौकट उमटली. म्हणजे फायर. पुढेही तसंच. गुराखी, काठी टेकणारा म्हातारा. 'कोणीतरी आहे' एवढंच त्यांच्या मेंदूने ओळखलं होतं. 'मारायचं नाही' हे त्यानंतर येत होतं, आणि मशीन तेवढं थांबत नव्हतं.

टोपी काढल्यावर त्यांनी फौजेतलं सांगितलं. धुक्यात समोर आकृती दिसली, बोट ट्रिगरवर, तरी थांबले. मेंढपाळ निघाला. सगळ्या नोकरीतलं हे एकच काम ते अभिमानाने सांगत.

"साहेब, थ्या मोळीवालीले म्या सोडलं," ते म्हणाले. "मशीननंबी सोडलं ना?"

"सोडलं," मी म्हणालो.

मग मी सगळं आमच्या सरांना दाखवलं. सरांनी रेघा वरवर पाहिल्या.

"हात हलला नाही म्हणजे गडी ढिला पडला. पापणी लागली असन. आर्टिफॅक्ट आहे, काढून टाक गा."

"पापणी नाही, सर. त्यांनी विचार केला."

"तो विचार मोजता येते का तुले?"

येत नव्हता. मी काढून टाकलं. जिथे जिथे वासुदेवराव थांबले होते, तेवढं सगळं. उरलं त्यात माणसाचं आणि मशीनचं तंतोतंत जुळलं. डेमो पास झाला, पुढच्या टप्प्याची ऑर्डर आली. सरांनी संत्रा बर्फी वाटली. मी दोन तुकडे खाल्ले.

आमच्या धंद्यात शिकवतात की गडबड काढली म्हणजे सिग्नल उरतो. गडबड कशाला म्हणायचं, हे ठरवणारा मात्र पगारी असतो.

हल्ली मी गिरणीचं गेट टाळून लांबून येतो. तरी परवा चहाच्या टपरीवर वासुदेवरावांनी गाठलंच. "मशीन चाललं का मंग? पोरं वाचतीन ना?" मी मान हलवली आणि चहा अर्धा टाकून निघालो.

मूळ रेकॉर्डिंग अजून सर्व्हरवर आहे. ते क्लायंटला दाखवायचं बाकी आहे. त्याआधी गेटवर जाऊन वासुदेवरावांना सांगायचं बाकी आहे की त्या बाईला तुम्ही सोडलं होतं, मशीनने नाही, आणि मी खोटं बोललो.