टाक्याची वाट

बद्रुद्दीन मास्तरांना चुकीची माहिती खपायची नाही. पंगतीत कुणी एखाद्या किल्ल्याची उंची चुकीची सांगितली, की हातातला घास ताटात ठेवून मास्तर आकडा दुरुस्त करणार. "अहो, जेवू द्या की त्या माणसाला!" असं बायको, खुर्शीदा, कानाशी पुटपुटायची. पण ऐकतील तर शपथ! कुरवंड्याच्या शाळेत बावीस वर्षं काढली ती अशीच. फळ्यावर काही चुकीचं राहून गेलं, तर लोणावळ्याला घरी आल्यावर त्यांना जेवण जायचं नाही.

निवृत्तीनंतर मुलीनं, नुसरतनं, लॅपटॉप आणून दिला आणि कामाच्या चार वेबसाइट दाखवल्या. शब्दकोश, हवामान, सातबारा आणि तो फुकटचा ज्ञानकोश, जो कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा. मास्तर हरखलेच! पण त्यात कुरवंड्यावर होत्या दोन ओळी, त्यातली एक चुकीची. मग काय, तीन महिने मास्तर कुरवंडे लिहीत बसले. देवळं लिहिली, झाडं लिहिली, जुन्या वाटा लिहिल्या आणि शेवटी टाकं लिहिलं.

गावाच्या वर पाच घरांची वाडी आहे, तिथं कातळात खोदलेलं ते टाकं. वाडीला प्यायला तेवढंच पाणी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मास्तर शाळेत न येणारी पोरं हुडकत भर उन्हात वर गेले होते. तेव्हा वाडीतल्या बयाबाईनं त्यांना टाक्यावर नेलं, चपला काढायला लावल्या आणि कळशीतून ओंजळीत पाणी ओतलं. "परक्याला आमी ही वाट दावत न्हाई मास्तर," ती म्हणाली. "पर तुमी आता हितलेच."

तीच वाट मास्तरांनी लिहिली. हिरड्याच्या झाडापासून डावीकडे, तिथून ऐंशी पावलं, नकाशावर खूण, वर फोटो. 'मे महिन्यातही न आटणारं, गार, गोड पाणी' हे वाक्य तर त्यांनी खुर्शीदाला दोनदा वाचून दाखवलं. दिवाळी अंकातल्या स्वतःच्याच लेखाचा संदर्भही जोडला. कुणाचं वाईट करायचं होतं का त्यांना? छे! आपल्या गावातली चांगली गोष्ट लोकांना कळावी, एवढंच.

कळली ना! सहलीच्या वेबसाइटनी तो मजकूर जसाच्या तसा उचलला, वर 'गुप्त ठिकाण' म्हणून टाकला. शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागली. माणसं बुटांसकट टाक्यात उतरायला लागली. शांपूच्या पुड्या, फुटक्या बाटल्या, लहान पोरांचे लंगोट, काय नाही टाकलं मेल्यांनी त्या पाण्यात!

मार्चमध्ये मास्तर सहज भेटायला वर गेले, तेव्हा त्यांना हे दिसलं. बयाबाई आता सत्तरीची. पाहुण्याला पाणी द्यायला ती आत गेली आणि दुकानातली सीलबंद बाटली घेऊन आली.

"घ्या. इकतचंच पितो आता आमी."

मास्तरांनी तिथंच, उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. ती चार शिव्या देती तरी बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मग पुसा की मास्तर. फळ्यावरचं पुसायचा तसं."

घरी येऊन त्यांनी टाक्याचा मजकूर पुसला. अर्ध्या तासात ज्ञानकोशावरच्या दुसऱ्या कुणीतरी तो परत टाकला. पुन्हा पुसला, कारण लिहिलं, की लोकांचं पिण्याचं पाणी नासतंय. उत्तर आलं, हे कारण नियमात बसत नाही, मजकूर अचूक आहे आणि संदर्भही आहे. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्यांचं खातंच बंद झालं. कारण दिलं होतं, नासधूस. बावीस वर्षं पोरांच्या चुका सुधारलेला माणूस, आणि नासधूस करणारा! सहलीच्या वेबसाइटवाल्यांना पत्र लिहिलं, त्यांनी तर उत्तरही दिलं नाही.

तेव्हापासून मास्तर दर रविवारी, येणाऱ्यांना परत फिरा म्हणून विनवायला, हिरड्याखाली जाऊन बसतात. बयाबाई विकतच्या पाण्यासाठी रिकामा कॅन घेऊन खाली उतरते, विचारते, "पुसलं का?"

परवाच्या रविवारी एक गाडी थांबली. "काका, टाक्याकडे हीच वाट ना?" एका मुलीनं विचारलं.

"वर काही नाही बाळ. आटलंय ते." आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली.

"असं कसं? हे बघा ना." तिनं मोबाइल पुढं धरला आणि मोठ्यानं वाचलं, "'मे महिन्यातही न आटणारं, गार, गोड पाणी.' डावीकडे ऐंशी पावलं लिहिलंय." मास्तरांचं वाक्य तिनं मास्तरांनाच वाचून दाखवलं. त्यात एकही चूक नव्हती.

बयाबाई रिकामा कॅन घेऊन वाटेवर उभी होती. ऐकत होती.

मुलगी हसली. "काका, तुम्ही इथले नाही वाटतं?"

मास्तरांनी बयाबाईकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मी इथला नाही."