तिचं खाकरणं

लग्न झाल्यापासून मी जिथं जिथं थाप मारली, तिथं तिथं माझी बायको खाकरली आहे. मोठ्यानं नाही. घशातल्या घशात एवढासा आवाज, पण तेवढ्यानं मी दहा फुटांचा मासा चार फुटांवर आणतो. किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या मच्छीमारांची लेक ती. तिच्यापुढे माशाची लांबी वाढवणं सोपं नाही. म्हणून पालघरजवळच्या एका नव्या सभागृहात मला बीजभाषणाला बोलावलं, तेव्हा मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. विषय होता वास्तुकलेचा इतिहास आणि निरोगी घरं. घरं बांधण्यात माझी हयात गेलीय, आणि घरांवर बोलण्यात त्याच्या दुप्पट.

सभागृहाला एकही खिडकी नव्हती. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण बोईसरकडून वारा सुटला की कारखान्यांचा वास घेऊन येतो. त्यामुळे आमच्याकडे तब्येतीला जपणारा माणूस आधी उठून खिडकी लावतो. दाराच्या फटीला बसवलेलं रबर मला आयोजक मंडळींनी अभिमानानं दाखवलं. मुंगीलाही आत यायला पास लागला असता.

जेवणं झाली, दार लागलं, मी सुरुवात केली. कुडाच्या घरांपासून. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, त्यातून भिंत आपली आपण श्वास घेते. माझ्या आजीच्या भिंतीला सर्दी झाली की अख्खं घर शिंकायचं, असंही सांगून टाकलं. खाकरणं आलं नाही. म्हटलं, इतक्या वर्षांनी बायको माझ्या बाजूनं झाली. हुरूप आला. तारापूरचा किल्ला माझ्या पणजोबांनी एका भरतीत बांधला आणि ओहोटी लागेपर्यंत रंगही दिला, असं ठोकून दिलं.

काहीच नाही. हसू नाही, कुजबुज नाही.

तेव्हा मी नीट पाहिलं. अख्खं सभागृह झोपलं होतं. पेंगणं नव्हे. सगळ्या माना उजवीकडे, वाऱ्यानं लवलेल्या भातासारख्या, आणि सगळ्या छात्या एकदम वर, एकदम खाली. शेकडो माणसांचा एकच श्वास. मी थांबलो की तो थांबायचा, बोललो की सुटायचा. एकदा तर माझं वाक्य मी संपवायच्या आत मागच्या रांगेनं संपवल्यासारखं वाटलं. छतातलं मशीन गुणगुणत होतं. आमचीच वापरलेली हवा थंड करून आमच्याच नाकात परत घालत होतं. माझीही जीभ जड झाली होती.

मी खाली उतरलो. तिचा हात गार होता. हलवलं, मान नुसती डावीकडे गेली आणि परत उजवीकडे आली. कानाशी वाकून म्हणालो, "पणजोबांनी विटा विमानानं आणल्या." वाट पाहिली. "विमान पापलेटाच्या तेलावर चालायचं."

माझ्या बायकोनं हेही सोडून दिलं, तेव्हा मी दाराकडे धावलो.

दाराशी कसा पोचलो ते आठवत नाही. ते रबरात रुतून बसलं होतं. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि वारा आत घुसला. कारखान्यांचा वास, त्यात कुठल्या तरी अंगणात वाळणाऱ्या बोंबलांचा. एवढी गोड हवा मी जन्मात घेतली नव्हती.

मागे सगळ्या माना एकदम सरळ झाल्या. टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांत मला ते ऐकू आलं, घशातल्या घशात.

"पनजोबा तुमचे मिठागरात कामाला," ती म्हणाली. "आनी तवा इमानं कुठं व्हती?"

मी तिला विचारलं, तू जागी होतीस? ती म्हणाली, झोपले कधी? कुणीच झोपलं नव्हतं म्हणे. आभार मानताना अध्यक्षांनी माझ्या पणजोबांचं, त्या किल्ल्याचं, आदरानं नाव घेतलं.

आता आमच्या घरी वास आला तरी खिडकी उघडी असते. दुपारी ती खुर्चीत डोळे मिटून फार वेळ गप्प राहिली, की मी पेपर बाजूला ठेवतो, काल बाजारात म्हशीएवढं पापलेट आलं होतं असं सांगतो, आणि कान देऊन बसतो.