चित्रापुढं बसवलेली दोन परकी माणसं

लोक मला मितभाषी म्हणतात. ही म्हणते, घुम्या. पन्नाशी उलटली, आता घुमेपणा मिरवण्यात अर्थ नाही, म्हणून एका रविवारची गोष्ट लिहून टाकतो.

साठ सालानंतरची ती वर्षं. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर होतो. कब्बन पार्कच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात कलादालन होतं आणि तिथं रविवारी सकाळी मोठ्या माणसांची एक शाळा भरायची. शाळा म्हणजे फळा नाही, व्याख्यान नाही. चालवणाऱ्या बाई धारवाडकडच्या, निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना अक्का म्हणत. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना त्या एका चित्रापुढं बाकावर बसवत. नाव, गाव, नोकरी विचारायची नाही. चित्रात काय दिसतं ते बोलायचं. शेवटी सगळे गोल बसत, आणि प्रत्येकानं आपलं नव्हे, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. कोण नुसतं मान हलवत होतं ते तिथं उघडं पडे.

तिथं मी बोलायचो. रंगांच्या दुकानदाराशी, पोस्टातल्या कारकुनाशी, कुणाशीही. घरी आलो की वर्तमानपत्र. शेवटी ही म्हणाली, "मीही येते. नवऱ्याचा आवाज कसा आहे ते तरी ऐकते."

आली. पण चारचौघांत नवरा-बायकोनं शेजारी बसायचं, हे आमच्या अंगात नव्हतं. दारातून आत गेल्याबरोबर ती बायकांत जाऊन बसली, मी पुरुषांत. झालं! अक्कांच्या कानावर हिचं मराठी पडलं, माझं त्यांना ठाऊक होतंच. त्यांना कोण आनंद झाला. "स्वल्प, जरा इकडे या," म्हणत त्यांनी मला उठवलं आणि हिच्याशेजारी आणून बसवलं. "दोघं मराठी. ओळख नाही ना? सरी, ठीक, बोला आता."

सगळ्यांसमोर 'ही माझी बायको' म्हणायची मला लाज वाटली. हिनं मात्र पदर सावरून हात जोडले. "नमस्कार."

नाव घ्यायचं नाही हा नियम तर तिला लग्नापासून पाठ होता.

समोरच्या चित्रात अंगण होतं, जुंपलेली बैलगाडी होती, आणि उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशी एक बाई.

"तुम्हाला काय वाटतं? ही निघालीय की आलीय?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हणालो.

"आधी तुम्ही सांगा. तुम्ही इथले जुने."

"निघालीय. बैल जुंपलेत ना."

"बैल गाडीवानानं जुंपले. तिला कुणी विचारलंय, असं कुठं दिसतं?"

मी चित्रात गाडीवान शोधू लागलो.

"घरी एवढं बोलता का हो?" तिनं हळूच विचारलं.

"घरी कुणी विचारत नाही."

"विचारत असेल बिचारी. तुम्ही कागदाआडून हूं म्हणत असाल."

मला हसू आलं. त्या हसण्यातच जीभ सैल झाली असावी. वर्षभर घशात अडकलेलं वाक्य बाहेर आलं. "मागच्या वर्षी मला पुण्याला बदली मिळत होती. मीच नको म्हणालो. घरी सांगितलं, साहेबांनी नाकारली."

पुण्यात हिची आई एकटी राहत होती. बदली नाकारली म्हटल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, आणि मी बाहेरून हळहळ व्यक्त केली होती.

"का नको म्हणालात?" आवाज अजून परक्या बाईचाच होता.

"तिथं मी सगळ्यांचा जावई झालो असतो. इथं मला कुणी ओळखत नाही. बरं वाटतं."

अक्कांनी घंटी वाजवली.

सगळे गोल बसले. हिची पाळी आली. ही शेजारणींकडून शिकलेल्या कन्नडमध्ये, अडखळत पण ठणठणीत बोलली. "ह्या गृहस्थांना वाटतं, बाई निघालीय. ती का जाऊ शकत नाही हे त्यांना माहीत आहे. तिला मात्र आजच कळलं." अक्का खूश झाल्या. असं बारीक बघणं दोघांनाही जमलं म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी एवढंच म्हणालो, "बाईंचं म्हणणं, तिला विचारायला हवं होतं."

बसस्टॉपवर ती म्हणाली, "उद्या साहेबांना विचारा, जागा आहे का अजून."

विचारलं. भरली होती. मग ही मला काही न विचारता पुण्याला जाऊन आईला घेऊन आली. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

पहिल्याच दिवशी पानावर बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमचे साहेब फार वाईट हो. एक बदली द्यायला काय जात होतं त्यांचं?"

ही वाढत होती. पळी भातावर तशीच धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. सांगणार नव्हती. मला सांगायला लावणार होती.

मी सांगितलं. सगळं, एका दमात.

सासूबाईंनी घास गिळला. "असं होय," म्हणाल्या, आणि आमटी मागितली. त्यानंतर कितीतरी दिवस, मी समोर बसलेला असलो तरी त्या हिला म्हणायच्या, "त्यांना विचार, चहा घेणार का."