अचूकताईंचा चष्मा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे अचूकताई म्हणत. उंदराची मान चिमटीत धरायची, पोट वर करायचं आणि त्याला कळायच्या आत सुई टोचून मोकळं व्हायचं, असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चष्मा लागला होता. तो पर्सच्या तळाशी.

"सुईत दोरा ओवायला माझ्याकडे येतेस, आणि तिथे उंदीर बरा दिसतो!" नवरा म्हणे.

"उंदीर तुमच्यासारखी बडबड करत नाही."

नव्या लशीची चाचणी चालली होती. निम्म्या उंदरांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. लसवाल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं छान तयार झाली होती. आता सगळ्यांच्या पोटात जिवंत जंतू सोडायचे. लसवाले तगले पाहिजेत, पाणीवाले गेले पाहिजेत. त्यातल्या दोन पाणीवाल्यांच्या वेळी ताईंची सुई नीट आत गेलीच नाही. पोटावरचे केस ओले झाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "हात असावा तर असा!"

ताईंनी औषधाच्या बोळ्याने ओल पुसली आणि पुढचा उंदीर उचलला.

बाकीचे पाणीवाले मेले. ते दोघे मात्र मजेत दाणे कुरतडत होते.

"पाणीवालेही जगले म्हणजे जंतूच कमजोर. चाचणी बाद, सगळं पुन्हा," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कडाडल्या. जंतू वाढवण्याचं काम जंतूकाकांचं. ते मान खाली घालून म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

जेवताना त्यांनी ताईंपुढे आपला डबा सरकवला. "तुमच्या कामावर कुणी बोट तर ठेवू शकत नाही, ताई. नशीब लागतं."

ताईंनी हातातला घास डब्यात ठेवला. त्या तशाच खरकट्या हाताने उठल्या आणि मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. "माझा हात चुकला. मला तेव्हाच कळलं होतं."

मॅडमनी चाचणीची वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हाच बोलला असतात तर ते दोन वगळले असते, ताई. आता पुन्हा पिंजरेच्या पिंजरे उंदीर मारायचे. आणि आधी काकांना सांगा."

काकांनी ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं, एवढंच.

नवे उंदीर आले. ताईंनी सगळ्यांसमोर चष्मा चढवला. चिमटीतल्या उंदराची एकेक मिशी वेगळी दिसली, गुलाबी पापणीसुद्धा. यांच्याकडे कितीतरी दिवसांत आपण पाहिलंच नव्हतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.