रंभाजी सरांचा एक जून

सोनईच्या आसपासच्या चार वाड्यांत एक जून या तारखेला जितकी माणसं जन्मली, तितकी वर्षाच्या बाकी सगळ्या दिवसांत मिळून जन्मली नसतील. निदान शाळेचं रजिस्टर तरी तसंच सांगतं. त्यांच्या आया काही मे महिना संपायची वाट बघत बसल्या नव्हत्या. ही सगळी करामत रंभाजी गुरुजींच्या टाकाची होती.

आई पोराला बखोटीला धरून शाळेत आणायची. गुरुजी जन्मतारीख विचारायचे. ती म्हणायची, आखाडात झालंय, साल कुनाला ठावं, तुमीच लिवा. शाळा जूनमध्ये उघडते आणि पहिलीला सहा वर्षं पुरी लागतात, म्हणून एक जून. इथवर सगळ्याच गुरुजींचं सारखं. रंभाजींचं वेगळं एवढंच, की आठ वर्षांच्या पोरालाही ते सहाचंच लिहीत. ते स्वतः तलाठ्याच्या जागेसाठी गेले होते तेव्हा त्यांचं वय चार महिन्यांनी जास्त भरलं होतं, आणि त्याची सल मनातून गेली नव्हती. आपल्या पोरांचं तसं होऊ नये म्हणून ते त्यांच्या वयाला कात्री लावत. लोक याला वय चोरणं म्हणतात. गुरुजी म्हणायचे, मी त्यांच्या पदरात दोन वर्षं टाकतो. भल्या मनाने केलेली चूक फार दिवस चूक वाटतच नाही, हे तिचं वाईट.

एकोणीसशे बासष्टच्या जूनमध्ये सहादेवची विमल अशीच शाळेत आली. धाकट्या भावाला सांभाळण्यात तिची दोन वर्षं गेली होती, पण खिडकीबाहेर उभी राहून ती वाचायला शिकली होती. गुरुजींनी तिला एकदम दुसरीत बसवलं आणि रजिस्टरात लिहिलं, एक जून एकोणीसशे छप्पन्न. पुढे त्यांनी नोकरी सांभाळून बी.ए. केलं, बी.एड. केलं आणि जवळच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात ते शिक्षक झाले. गुरुजींचे सर झाले. मागोमाग विमलही आठवीत तिथेच आली.

सत्तर साली वरून पत्र आलं की प्रत्येक हायस्कुलाने एका शिक्षकाला व्यवसाय मार्गदर्शनाच्या तीन आठवड्यांच्या वर्गाला पुण्याला पाठवावं. ऐन मे महिन्यात सुट्टी कोण घालवणार? सगळ्यांनी रंभाजी सरांकडे बोट दाखवलं. सर गेले आणि पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन परतले. पोरांपुढे किती वाटा आहेत हे कळून माणूस हरखून गेला होता. हेडमास्तरांनी त्यांना लेझमांच्या खोलीतलं अर्धं कपाट आणि एक फळा दिला. तास मात्र एकही दिला नाही. आधी अकरावीचा निकाल लावा, मग पोरांचं भविष्य सांगा, असं ते हसत म्हणाले. मास्तरांच्या खोलीत सरांना ‘जोशीबुवा’ नाव पडलं. आमच्याकडे चांगलं काम करणाऱ्याला पगाराआधी टोपणनाव मिळतं.

सर शाळा सुटल्यावर थांबायचे. पोरांना विचारलं तर तीनच नोकऱ्या ठाऊक असायच्या: मास्तर, पोलीस आणि साखर कारखाना. म्हणून सर वेगळंच विचारायचे. घरच्यांनी न सांगताही तू आपणहून काय करतोस? विमल म्हणाली, मी काटे काढते. ते खरंच होतं. अख्ख्या वस्तीच्या पायातले काटे तीच काढायची. कितीही खोल गेलेला असो, सुईने अलगद वर आणायची, आणि वर हळद भरून पट्टी बांधायची. सरांनी पिशवीतून नर्सिंगचं माहितीपत्रक काढलं. तीन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय आणि वर विद्यावेतन. विमलने ते पत्रक भूमितीच्या पुस्तकात ठेवलं आणि दोन वर्षं तिथेच राहू दिलं.

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. विमलचे आईबाप, सहादेव आणि गीताबाई, दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यातच श्रीरामपूरकडचं एक स्थळ चालून आलं. सर खडीच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन सहादेवच्या शेजारी बसले आणि त्याच्याशी नर्सिंगचं बोलले. सहादेव वाईट माणूस नव्हता. हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, “गुर्जी, जागा मिळाली तर पोरगी खुशाल जाऊ द्या. न्हाई मिळाली तर मला थांबायला सांगू नका.”

जूनमध्ये विमल पहिल्या वर्गात पास झाली आणि नगरच्या नर्सिंगच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. सर, विमल आणि गीताबाई एस.टी.ने गेले. मेट्रनबाईंनी विमलला चार प्रश्न विचारले, तिचे हात पाहिले आणि त्यांची मान आपसूक हलली. इथवर सगळं देवानं रांगोळी काढल्यासारखं. मग कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला पाहिला आणि तो कागद मेट्रनबाईंपुढे सरकवला. एक जुलैला सतरा पूर्ण पाहिजेत. ही सोळाची. अकरा महिने कमी.

गीताबाई पुढे झाली. दीक्षेचा सोहळा झाला त्या साली ही पोर माझं बोट धरून चालत हुती, हात जोडून उभी ऱ्हायली हुती, मग ती छप्पन्नची कशी, असं तिने विचारलं. बौद्ध दीक्षेचं छप्पन्न साल त्या वस्तीत कोणाला चुकेल? पण कारकुनाला कागद हवा होता. हा दाखला खोटा असेल तर ही तारीख लिहिली कोणी, असं त्याने विचारलं.

सरांनी दाखला आपल्याकडे ओढून ती तारीख पाहिली. विमल त्यांच्याकडे बघत होती. तारीख कोणी लिहिली हे तिला ठाऊक नव्हतं.

“मी,” सर म्हणाले. “मीच लिहिली.”

मेट्रनबाई भल्या होत्या. पुढच्या वर्षी पाठवा, मी नाव लक्षात ठेवते, म्हणाल्या. नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.  परतीच्या एस.टी.त सरांना वाटली तेवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चार महिन्यांसाठी आपलं दार बंद झालं म्हणून ते जन्मभर हळहळले, आणि ह्या पोरीचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वळणदार अक्षरात लावून घेतलं होतं.

त्यांनी शिक्षण खात्याकडे कबुलीचा अर्ज केला. तारीख माझ्या चुकीने पडली, ती दुरुस्त व्हावी. उत्तर आलं की विद्यार्थी शाळेतून बाहेर पडल्यावर जन्मतारीख बदलता येत नाही. सोबत सरांनाच खुलासा विचारला होता. हेडमास्तर भडकले. हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलं होतं, म्हणाले, आणि मार्गदर्शनाचा फळा त्याच दिवशी लेझमांच्या खोलीतून निघाला. कपाट तेवढं राहिलं, कारण ते हलवायला कोणी शिपाई रिकामा नव्हता.

सर पुन्हा खडीवर गेले. एक वर्ष थांब, म्हणून त्यांनी सहादेवला हात जोडले. सहादेवने ते हात धरून खाली केले. “गुर्जी, तुमीच तिला ल्हान केलं. मी कुठवर ल्हान ठिवू?”

दिवाळीनंतर लग्न झालं. बुद्धवंदना झाली, नवरानवरीने एकमेकांना हार घातले. सर मांडवात मागे उभे होते. विमलचा दाखला तिथे कोणी मागितला नाही. नर्स व्हायला ती कोवळी होती, बायको व्हायला पुरेशी मोठी होती.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात मेट्रनबाईंचं पत्र आलं. त्यांनी खरंच नाव लक्षात ठेवलं होतं. विमलला आता सतरा पूर्ण होतील, पाठवून द्या. सरांना कळत होतं की याचा उपयोग नाही. तरी पत्र तिचं होतं, ते तिला द्यायलाच हवं होतं. नेमकी एक जूनची सकाळ गाठून ते श्रीरामपूरला उतरले आणि तिच्या सासरच्या वाडीकडे चालत निघाले. वाटेत बाभळीचा काटा चपलेतून पायात गेला, पण ते तसेच गेले.

विमल दारातच धान्य निवडत होती. सहावा महिना होता. तिने सरांना पाणी दिलं, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि होतं तशा घडीत दुमडून त्यांच्या हातात ठेवलं. रडली नाही. मग तिचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. सर नको नको म्हणत होते तरी तिने त्यांना ओट्यावर बसवलं, सुई आणली आणि पाय आपल्या पुढ्यात घेतला. सर तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिले, आणि त्यांच्याच डोळ्यांना धार लागली. दुखतंय का, तिने विचारलं. सर नाही म्हणाले.

काटा वर आला. हळद भरताना ती म्हणाली, “सर, माझ्या लेकराची तारीख मी तुमच्याकडं पाठवीन. तेवढी खरी लिवा.”

त्या जूनपासून सरांचे रविवार वस्त्यांवर जाऊ लागले. शाळेत असलेल्या पोरांची तारीख पुरावा मिळाला तर अजून बदलता येत होती. पूर कधी आला, विहिरीला पाणी कधी लागलं, दाई कोण होती, असं विचारत ते दारोदार फिरायचे. मास्तरांच्या खोलीत त्यांना नवं टोपणनाव मिळालं. काही पोरांच्या तारखा बदलल्या. पुष्कळांच्या तशाच राहिल्या, कारण सांगणारं माणूसच उरलं नव्हतं.

सप्टेंबरात एक दिवस गीताबाई शाळेत आली. विमल बाळंतपणाला माहेरी होती. गीताबाईच्या हातात वहीचं पान होतं. सरांनी ते उघडलं. विमलचं अक्षर त्यांच्याच वळणाचं होतं. मुलगी. रविवार, दोन सप्टेंबर एकोणीसशे त्र्याहत्तर, सकाळी साडेसात.

“ल्हान करू नका म्हनली,” गीताबाई म्हणाली.

सरांनी ते पान अर्ध्या कपाटात नर्सिंगच्या माहितीपत्रकांवर ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. पोर शाळेत यायला अजून सहा वर्षं होती.