दोघांचं गाणं

भाकरी करपल्याचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतलं उंब्रजचं सासर आठवतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सोप्यात फोनोच्या तबकडीवर नवं द्वंद्वगीत लागलं होतं.

"हे एक दिवस रेडिओवर लागतंय बघ," आमचे हे शेजारच्या सुशीकडं वळून म्हणाले.

"न्हाई लागत. बाईचा आवाज लय बारीक हाय," म्हणत सुशीनं ती ओळ गाऊनच दाखवली. यांनी लगेच पुढची उचलली.

सुशी गावची लेक, तिला सगळी मोकळीक. मी सून, सासऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही. तव्यावरची भाकरी मी मुद्दाम जळू दिली.

गाणं रेडिओवर लागलंच. अजूनही लागतं. हे आपली ओळ गुणगुणतात आणि बाईच्या ओळीला थांबतात. दोघांच्याही ओळी मला तेव्हापासून पाठ आहेत, पण मी उठून रेडिओ बंद करते.